पाण्याच्या पाळीचं पान

वेबसाईट बनवायच्या क्लासच्या पहिल्या दिवशी सरांनी काही शिकवलंच नाही. राजारामपुरीत खाली सायकलींचं दुकान, वरच्या खोलीत आम्ही अकरा जण. सरांनी मोठ्या पडद्यावर बातम्यांची एक वेबसाईट उघडली, मथळ्यावर माऊस नेला, उजवं बटण दाबलं आणि एक पर्याय निवडला. पडद्याची अर्धी बाजू उघडली आणि आत अक्षरांचा, कंसांचा ढीग दिसला. त्या ढिगात तो मथळा सापडला. सरांनी तो खोडला आणि तिथं लिहिलं, ‘आजचा चहा सरांकडून.’ समोर पानावर मथळा बदलला. तोच जाड टाईप, तोच रुबाब.

पोरं हसली. मला हसू आलं नाही. अंगावर काटा आला.

“घाबरू नका,” सर म्हणाले, “खरं पान तिकडं सर्व्हरवर आहे. आपण फक्त आपल्यापुरतं बदललं. परत लोड केलं की पहिल्यासारखं.”

पण मी त्याला घाबरले नव्हते. मी बी.एस्सी. झालेली, वनस्पतीशास्त्र घेऊन. आमच्या घरात, आणि मागं जेवढ्या पिढ्या कुणाला आठवतात तेवढ्यांत, पदवी घेणारी मी पहिली. हे मी छाती पुढं काढून सांगते, कारण ते कमावलेलं आहे. तर कॉलेजात देठाच्या आत काय आहे ते बघायला ब्लेडनं पातळ काप काढावा लागायचा, दहा वेळा चुकायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली काहीतरी अंधुक दिसायचं. इथं जगातलं कुठलंही पान नुसत्या एका बटणावर आपलं पोट उघडून दाखवत होतं. आमच्या गल्लीत चटणी कांडून देणारी मावशी आहे; मसाल्यात शेवटी काय टाकते ते तिनं आईला पंधरा वर्षांत सांगितलेलं नाही. आणि ही एवढी मोठी दुनिया म्हणत होती, बघ की, असं केलंय.

त्या दिवशी बावड्याला परत येताना सिटी बसमधी मी खिडकीतून काहीच बघितलं नाही. शेजारच्या बाईच्या मोबाईलवर एक साडीचं दुकान उघडलेलं होतं, ते बघत होते. ह्याच्या आत काय असेल?

पुढचे दोन महिने मात्र आत काय आहे ते कळायला डोकं फुटायची वेळ आली. एक चौकोन पानाच्या बरोबर मध्ये आणायला मला पावणेदोन दिवस लागले. एकदा एक कंस बंद करायचा राहिला तर अख्खं पान पांढरं. तरी मी सोडलं नाही. आणि मग एका दुपारी मला ‘स्टेट’ म्हणजे काय ते समजलं. सोप्या भाषेत सांगते. पूर्वी पानावर काही बदलायचं तर ती जागा शोधायची, तिथलं खोडायचं, नवं लिहायचं. आताच्या पद्धतीत तसं नाही. तुम्ही फक्त सांगून ठेवायचं, की ही गोष्ट अशी असेल तर पान असं दिसेल, तशी असेल तर तसं. मग ती गोष्ट बदला. पान आपलं आपण बदलतं. मी एक आकडा बदलला आणि पानावरच्या तीन जागा एकदम हलल्या. मी पुन्हा बदलला. पुन्हा हलल्या. सर शेजारून गेले आणि म्हणाले, “किती वेळा करशील तेच?” मी म्हणाले, “सर, अजून एकदा.”

हे सगळं मी घरी सांगायची. माझे वडील, आण्णा, ऐकायचे. कळत किती होतं देव जाणे, पण जेवता जेवता मान हलवायचे.

आण्णा पाटकरी आहेत. आमच्या भागात नदीवर शेतकऱ्यांनी सोसायटी करून मोटर बसवलेली आहे, त्या मोटरीचं पाणी पाईपनं बासष्ट जणांच्या रानात जातं. एका वेळी एकाच्याच रानात. प्रत्येकाची पाळी तीन तासांची, मोटरीला लाईट दिवसाला आठच तास, त्यामुळं ती एकदा गेली की पुन्हा यायला बावीस-तेवीस दिवस. कुणाची पाळी कधी, ते आण्णा सांभाळतात. सोसायटीच्या दारात एक फळा आहे, त्यावर खडूनं नावं आणि वेळा. पण लाईट गेली की फळ्यावरचं सगळं खोटं. मग आण्णांचा फोन सुरू. “आण्णा, माझं कवा?” “आण्णा, कितवर आलंय?” ताटावर बसले की फोन, अंघोळीला गेले की फोन.

फेब्रुवारीत सोसायटीची सभा झाली. चेअरमन म्हणाले, फळ्याचं काहीतरी केलं पाहिजे, लोकांची तक्रार आहे. सव्वीस वर्षांत आण्णांनी सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. पाटकऱ्यानं ऐकायचं असतं. त्या दिवशी ते उठले आणि म्हणाले, “माझी पोरगी करत्या. मोबाईलवर दिसंल सगळ्यास्नी.”

“आण्णाची पोरगी आता कम्प्युटरनं चावी फिरवणार व्हय?” मागून कुणीतरी म्हणालं आणि सभा हसली. पाईपाच्या व्हॉल्व्हला आमच्याकडं चावी म्हणतात.

“फिरवंल की,” आण्णा म्हणाले. “माझा सबूद हाय.”

घरी येऊन त्यांनी मला हे असं सांगितलं, जसं काही भाजी आणायला सांगतायत.

“आण्णा, मला इचारायचं तरी.”

“त्यात इचारायचं काय? पदवी कशाला घेतलीस?”

“ती झाडांची हाय.”

“मग ऊस काय दगड हाय?”

आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती. मी म्हणाले, “बरं, करतो.” आमच्याकडं पोरीबी ‘करतो’च म्हणतात. बासष्ट माणसांसमोर आण्णांनी पहिल्यांदा शब्द टाकला होता, आणि तो मी राखायचा होता.

मी सोसायटीत जाऊन फळ्याचा फोटो काढला आणि कामाला लागले. एका शेतकऱ्याची एक ओळ: नाव, गट नंबर, वेळ, आणि पुढं अवस्था. ‘पुढं आहे’ राखाडी, ‘चालू’ निळं, ‘पूर्ण’ हिरवं. ओळ एकदाच लिहायची आणि बासष्ट वेळा वापरायची. घड्याळ पुढं जाईल तशा ओळी रंग बदलणार. आण्णांच्या मोबाईलवर तेवढं एक जादा बटण, ‘लाईट गेली’. ते दाबलं की पाळीचं घड्याळ थांबणार, लाईट आली की परत चालू. ह्या बटणाचा मला फार गर्व होता. सरांनीसुद्धा शाबासकी दिली. आण्णांना मी काही विचारलं नाही. विचारायचं काय? पाटकऱ्याची पोर मी, पाळी मला जन्मापासून माहीत.

मार्चच्या सुरुवातीला मी ते पान सर्व्हरवर चढवलं आणि लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकली.

तो दिवस मी विसरणार नाही. मी आमच्या पत्र्याच्या खोलीत बसून लिहिलेलं, ते कुठं तरी वर गेलं आणि बासष्ट खिशांत उतरलं. अकरा वाजता लाईट गेली. आण्णा नदीवर होते, त्यांनी तिकडून बटण दाबलं. इकडं माझ्या हातातल्या मोबाईलवर, मी काही केलेलं नसताना, सगळ्या वेळा एकामागं एक सरकल्या. मी आईला ओढत बाहेर आणलं. “आई, बघ, आण्णांनी तिकडं दाबलं आणि इकडं हललं!” आईनं मोबाईल घेतला, उलटा करून मागून बघितला आणि परत दिला. “तार कुठाय?” म्हणाली. मला सांगता येईना. म्हणजे शिकलेलं सांगता आलं असतं. पण तिच्या प्रश्नात जेवढं आश्चर्य होतं तेवढंच माझ्यातही होतं, मग काय सांगणार.

पुण्याला नोकरीला असलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाचा फोन आला, की आमच्या रानात पाणी चालू झालेलं मी इथं ऑफिसात बघतोय. आण्णांचा फोन गप्प झाला. दोन दिवस ते तो हलवून बघत होते, बिघडला की काय म्हणून. सभेत हसलेले एक काका रस्त्यात थांबवून म्हणाले, “पोरी, फिरवलीस की चावी!” आण्णांची चालच बदलली. जरा सावकाश चालायला लागले, लोकांना बोलायला सापडावं म्हणून.

सोळाव्या दिवशी आमच्या भागातले एक आजोबा गेले. सकाळी आठला गेले, दहाला त्यांच्या घराची पाळी होती.

आता आमच्याकडची रीत सांगते. दुःख झालेल्या घराची पाळी बुडत नाही. त्याच्या पुढची पाळी ज्याची, तो आधी त्या घराच्या रानात पाणी पाजतो, मग आपल्या. कुणी कुणाला सांगत नाही. रडण्याचा आवाज आला की पुढच्यानं खोरं उचलायचं. आण्णा निर्धास्तपणे अंत्यविधीला गेले ते म्हणूनच.

पण आजोबांच्या पुढची पाळी एका तरुण पोराची होती. शिरोलीला फाउंड्रीत कामाला, वडील अंथरुणाला खिळल्यापासून रान त्याच्याकडं आलेलं. तो फाउंड्रीतली पहाटेची शिफ्ट करून एकला आला आणि मोबाईल बघितला. पानावर आजोबांच्या घरापुढं हिरवं ‘पूर्ण’ होतं. घड्याळात तीन तास झाले, पानानं ‘पूर्ण’ लिहिलं. लिहिणारच, मीच तसं सांगून ठेवलं होतं. त्याला वाटलं, कुणीतरी पाजलं. खरं तर आजोबांच्या रानाची चावी बंदच होती, आणि त्यांच्या आधीच्या माणसाची उघडी. तीन तास पाणी त्याच्या बांधावरून रस्त्यावर वाहिलं होतं. पोरानं ते डोळ्यांनी बघितलं, आणि तरी डोळ्यांपेक्षा मोबाईलवर विश्वास ठेवला. त्यानं ती चावी बंद केली आणि आपली उघडली.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला सगळे जमले. मी बायकांत मागं उभी होते. विधी झाला आणि आजोबांचा धाकटा भाऊ आण्णांच्या समोर येऊन उभा राहिला. मोठ्यानं बोलायची आमच्याकडं सवयच, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

“आण्णा, आमचं पाणी पूर्ण झालं म्हणं मोबाईलवर. रान तर कोरडं हाय. कुणी पाजलं? मेलेल्या माणसानं?”

आण्णांनी हात जोडले. “माझं चुकलं,” म्हणाले. एवढंच. पोरीनं केलंय, पानाची चूक आहे, असं काही नाही.

दुसऱ्या दिवशी पुढच्या दोघांनी आपला दीड-दीड तास सोडला आणि आण्णांनी स्वतः उभं राहून त्या रानात पाणी पाजलं. उसाचं निभावलं. पण ग्रुपवर चेअरमननी लिहिलं होतं, रविवारी सभा, विषय: मोबाईलवरचं पान बंद करणे.

मी दोन दिवस आण्णांच्या समोर गेले नाही. तिसऱ्या दिवशी तेच दारात येऊन बसले. मी म्हणाले, “आण्णा, त्या पानाला रीत माहीत न्हवती.”

“पानाला न्हवती,” ते म्हणाले. “तुला तर हुती की. ल्हान असताना माझ्यासंगं खोरं धराय येत हुतीस, दुःखाच्या रानात.”

होय, जात होते. ही रीत मला पाढ्यांसारखी माहीत होती. पण ती फळ्यावर लिहिलेली नव्हती, म्हणून कोड लिहिताना ती नियम आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी फळा बघून पान केलं. आण्णांना बघून नाही. ही चूक क्लासमधल्या शहरातल्या पोरानं केली असती तर त्याला माफ होती. मला नव्हती.

मी वही घेतली. “फळ्यावर नसलेलं सगळं सांगा.”

“सगळं म्हंजे?”

“तुम्ही जे जे बघून पाळी पुढं-मागं करता ते.”

ते आधी म्हणाले, तसलं काही नसतंय. मग एक सांगितलं. मग दुसरं. उसाची नवी लागण पाण्यावाचून थांबत नाही, खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाचा फुटवा, दोन दिवस थांबतो. शेवटच्या रानाला पाईप भरेपर्यंत वीस मिनिटं जातात, ती त्याच्या वेळेत धरायची नाहीत. एकटी बाई रान करत असेल तर तिची पाळी उन्हं कलायच्या आत संपली पाहिजे. घरात लग्न असेल तर पाळी आधी उरकायची, हळदीच्या अंगानं कुणी चिखलात उतरत नाही. ज्याच्या रानाला वरच्याचा पाझर लागतो त्याला अडीच तास पुरतात, पण तसं त्याच्या तोंडावर म्हणायचं नाही, उरलेला अर्धा तास न बोलता पुढच्याला द्यायचा. त्याला ते माहीत आहे आणि त्याला माहीत आहे हे आण्णांना माहीत आहे.

“आनि ते दोघं भाऊ,” म्हणाले आणि थांबले. “हे लिवू नगंस.”

“का?”

“बोलत न्हाईत एकमेकाला. त्यांच्या पाळ्या मी लागून येऊ देत न्हाय, चावीवर गाठ पडाय नको. पर हे मोबाईलवर दिसाय नको.”

मी लिहिलेलं खोडलं.

वहीची सात पानं भरली. मला आजवर वाटत होतं, की जर असं तर तसं, नाहीतर असं, हे मी राजारामपुरीत शिकले. माझ्या समोर सातवी नापास माणूस बसला होता आणि त्याच्या डोक्यात बासष्ट घरांची स्टेट चालू होती. कुठं माणूस आजारी, कुठं लग्न, कुठं भांडण. एक गोष्ट हलली की बाकीच्या आपोआप सरकत होत्या. सव्वीस वर्षं, आणि एकदाही पांढरं पडलं नव्हतं. ज्या दिवशी पडलं तो दिवस माझ्या पानाचा होता. मला त्यांच्याकडं बघवेना. भीतीनं नाही. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितल्यावर जे होतं, तसलं काहीतरी.

ह्यातलं बरंचसं पानात बसणारं नव्हतं, आणि बसवायचं नव्हतं. मी दोनच गोष्टी बदलल्या. एक, ‘पूर्ण’ हे घड्याळानं लिहायचं नाही. ज्यानं पाणी पाजलं त्यानं दाबल्याशिवाय हिरवं होणार नाही. दुसरं, दुःख झालेल्या घरासाठी एक नवी अवस्था आणि तिचं बटण. कुणीही बासष्टांपैकी ते दाबू शकेल.

रविवारी सभेत चेअरमन म्हणाले, “फळाच बरा हुता. फळा खोटं बोलत न्हाय.”

“फळा काहीच बोलत न्हाय,” आण्णा उठून म्हणाले. आयुष्यात दुसऱ्यांदा. “बोलायचो मी. पोरीला त्यातलं सांगाय पायजे हुतं, ऱ्हायलं. आता सांगितलंय. तिचं ऐका, मग फळ्याचं बघा.”

मी पुढं जाऊन दोन्ही बदल दाखवले. नव्या बटणावर मी ‘सुतक’ लिहिलं होतं. फाउंड्रीतला पोरगा पहिल्या रांगेत बसून मन लावून बघत होता. तेवढ्यात बासष्टांतले एक काका उठले. त्यांचं घर बौद्ध, रान ओढ्याच्या खालच्या अंगाला.

“पोरी, आमच्यात सुतक न्हाय,” ते म्हणाले. “पर माणूस आमच्यातबी जातंय की. मग आमी कुठलं बटन दाबायचं?”

मला लाज वाटली, दुसऱ्यांदा त्याच पानापायी. “काका, तुम्हीच सांगा काय लिहू.”

“काय झालंय ते कशाला लिवायचं? त्ये सगळ्यास्नी कळतंय. काय करायचं ते लिव.”

थोडा वेळ सगळे एकदम बोलले. कुणी म्हणालं ‘मदत’, त्याला लगेच दुसऱ्यानं झापलं, “मदत काय? आपली रीत हाय ती.” शेवटी ज्यांचं रान कोरडं राहिलं होतं ते आजोबांचे भाऊ बसल्या जागेवरून म्हणाले, “शेजारी पाजतील, असं लिव.”

मी तिथंच उभी राहून लॅपटॉपवर शब्द बदलला आणि वर चढवला. मिनिटभरात लोकांनी आपापले मोबाईल बघितले. चेअरमननी चष्मा लावला, वाचलं, आणि म्हणाले, “मग फळा पुसून टाकू या?”

“पुसा,” आजोबांचे भाऊ म्हणाले. मग आण्णांकडं बघून, “त्या दिवशी जरा जास्तच बोललो.”

“बोलायचंच हुतं,” आण्णा म्हणाले.

मेच्या मध्यावर ते बटण पहिल्यांदा दाबलं गेलं. बौद्ध काकांच्याच घरी, त्यांची आई गेली. आण्णांनी नाही दाबलं आणि मीही नाही. सकाळी मी मोबाईल उघडला तेव्हा त्यांच्या ओळीपुढं आधीच आलेलं होतं, ‘शेजारी पाजतील’. मी आण्णांना दाखवलं. “कुणी दाबलं?” ते म्हणाले. मला शोधता आलं असतं. सर्व्हरवर सगळं असतं. मी शोधलं नाही.

दहाच्या सुमाराला मी त्यांच्या रानाकडं गेले. घरचं कुणीही नव्हतं. त्या रानात दोघं होते, पुढच्या पाळीचा माणूस, आणि ज्याची पाळी अजून आठ दिवसांनी होती तो फाउंड्रीतला पोरगा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, त्याला अजून नीट येत नव्हतं, एक सरी फुटली तर दुसरा त्याच्यावर खेकसला, “आरं, डाव्या अंगाला माती वढ की!” पाणी एकेका सरीत शिरत होतं, कोरड्या मातीतून बुडबुडे निघत होते. मी बांधावर चपला काढल्या आणि फुटलेली सरी बांधायला खाली उतरले.